अटकेचे आधार लेखी आणि कळणाऱ्या भाषेत : अनुच्छेद २२(१) आणि रिमांडपूर्वीचे दोन तास

अनुच्छेदवाचक (धागाकर्ता)

६ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला. हे प्रकरण ज्यातून उभे राहिले त्या वरळीच्या अपघाताच्या अंगानेच त्याची चर्चा बहुतेक ठिकाणी झाली. त्या अपघाताविषयी मला येथे काहीही म्हणायचे नाही. तो खटल्याचा विषय आहे. मात्र या निकालाने अटक होणाऱ्या प्रत्येक माणसासाठी जे चार नियम घालून दिले आहेत, त्यांचा विचार शांतपणे व्हायला हवा, म्हणून हा धागा.

अटक करताना तिचे आधार लेखी कळवणे ही अनुच्छेद २२(१) मधून येणारी घटनात्मक अट असून ती सर्व कायद्यांखालील सर्व गुन्ह्यांना लागू आहे, हा पहिला नियम. आधार अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजेत, हा दुसरा. अटकेच्या क्षणी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावेत, पण लेखी प्रत वाजवी वेळेत आणि कोणत्याही परिस्थितीत रिमांडसाठी (म्हणजे पुढे कोठडीत ठेवण्याच्या आदेशासाठी) न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी, हा तिसरा. आणि यांपैकी काही चुकले तर अटक व त्यानंतरचा रिमांड दोन्ही बेकायदा ठरून ती व्यक्ती सुटकेस पात्र होते, हा चौथा.

हे नियम अचानक आलेले नाहीत. संविधान सभेत आजच्या अनुच्छेद २१ मधून ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ ही शब्दयोजना वगळली गेली, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्यात १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा अनुच्छेद २२. आधी जे गमावले त्याची अंशतः भरपाई म्हणूनच त्यांनी तो सभेपुढे ठेवला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेत अशा तरतुदी आधीपासून होत्याच. परंतु साधा कायदा विधिमंडळ केव्हाही बदलू शकते, म्हणून त्यांतील सर्वात मोलाच्या दोन गोष्टी, म्हणजे अटकेचे आधार व वकिलाचा सल्ला आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजेरी, थेट मूलभूत हक्कांत नेऊन ठेवल्या गेल्या. त्यामुळे अटकेचा कागद ही पोलीस ठाण्याची अंतर्गत नोंद उरत नाही. माणसाला कोठडीत ठेवण्याचा अधिकार राज्याला मिळतो तो ही अट पाळल्यावर. ती पाळली नाही तर कोठडीला पायाच राहत नाही.

तरीही ‘लेखी’ हा शब्द अनुच्छेद २२(१) मध्ये नाही, आणि सारा वाद तेथूनच सुरू होतो. ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक अफरातफर प्रतिबंधक कायद्याखालील (पीएमएलए) अटकांबाबत लेखी प्रत अनिवार्य केली. सक्तवसुली संचालनालयाचे अधिकारी देशाच्या एका भागात आधारांची प्रत देत होते, तर दुसऱ्या भागात नुसती वाचून दाखवत होते, ही विसंगती तेव्हा न्यायालयापुढे आली होती. वाचून दाखवले की नाही, याबाबत अधिकाऱ्याचा शब्द एकीकडे आणि आरोपीचा शब्द दुसरीकडे अशी स्थिती उरते. शिवाय अटकेने हादरलेल्या माणसाच्या स्मरणात ऐकलेले कितपत राहणार, हा प्रश्न आहेच. १५ मे २०२४ रोजी प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात हाच नियम बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याला (यूएपीए) लागू झाला.

पुरकायस्थ निकालातील एक भेद मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. अटकेची सर्वसाधारण कारणे वेगळी आणि अटकेचे आधार वेगळे, असे न्यायालयाने तेथे सांगितले. पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारांवर दबाव येऊ नये, तपास नीट व्हावा ही कारणे कोणत्याही आरोपीला लागू पडतील अशी असतात. आधार मात्र त्या एका माणसाचे असतात. त्याने काय केल्याचा संशय आहे आणि तो कोणत्या वस्तुस्थितीवरून आला, हे त्यांत असले पाहिजे.

आपल्याकडच्या कागदांत नेहमी आढळणारे वाक्य पाहा : ‘सदर इसमाविरुद्ध सबळ पुरावा मिळून आल्याने व तपासकामी आवश्यक असल्याने त्यास अटक करण्यात येत आहे.’ हे वाक्य लेखी आहे, मराठीत आहे आणि त्यावर अंगठा किंवा सहीही असते. तरीही त्यात आधार नाहीत. याउलट, ‘अमुक तारखेला फिर्यादीच्या खात्यातून गेलेली रक्कम तुमच्या नावच्या खात्यात जमा झाली, ती त्याच दिवशी काढली गेली, आणि त्या वेळच्या एटीएमच्या चित्रीकरणात तुम्ही दिसत आहात’ असे लिहिले असेल, तर वकील लगेच उत्तराला लागू शकतो. खाते कोण वापरत होते, कार्ड कोणाकडे होते, चित्रीकरणाची वेळ जुळते का, हे प्रश्न पहिल्याच रिमांडला उभे राहतात. पहिल्या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण त्यात उत्तर देण्याजोगे काही सांगितलेलेच नसते.

म्हणून माझे मत असे आहे की हा निकाल टिकतो की कागदावर राहतो, हे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पहिल्या रिमांडच्या वेळी ठरणार आहे. ७ फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांनी, आरोपीला हजर केले असता अनुच्छेद २२(१) चे पालन झाले आहे का हे तपासणे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य असल्याचे सांगितले आहे. पालन झाले हे सिद्ध करण्याचा भारही त्यांनी पोलिसांवर टाकला आहे. ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, यावर येथील वकील सदस्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

तालुकान्यायालय

धागाकर्त्यांनी अचूक जागेवर बोट ठेवले आहे. मी फौजदारी वकिली करतो, तीही प्रामुख्याने तालुक्याच्या ठिकाणी. आमच्याकडे आरोपीला हजर केले की साहेब एक प्रश्न न चुकता विचारतात : ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपी बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला परत त्याच पोलिसांच्या गाडीत बसायचे असते. ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते, सरकारी वकील रिमांड रिपोर्टमधील मुद्दे मांडतात, आणि पोलीस कोठडी द्यायची की न्यायालयीन, यावर युक्तिवाद सुरू होतो. या सगळ्यात अनुच्छेद २२(१) चा विषय वकिलाने काढला तरच निघतो.

माझ्या मते याच ठिकाणी आणखी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, आली पाहिजेत : अटकेचे आधार लिहिलेला कागद तुम्हाला मिळाला का, किती वाजता मिळाला, आणि त्यात काय लिहिले आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. तिसरा प्रश्न सर्वात मोलाचा आहे. त्याचे उत्तर ऐकल्यावर भाषा कळली की नाही आणि आधार खरेच दिले की नाही, या दोन्ही गोष्टी एका मिनिटात उघड होतात.

वेळेविषयीही सांगतो. अटक पंचनामा, नातेवाइकांना दिलेली समज (अटकेची लेखी सूचना), वैद्यकीय तपासणीचे पत्र आणि आधारांचा कागद अशा सगळ्यांवर एका बैठकीत सह्या घेतल्या जातात आणि वेळेचा रकाना मागाहून भरला जातो, असे मी पाहिले आहे. त्यामुळे सहीबरोबर वेळही आरोपीनेच आपल्या हाताने लिहावी, असा साधा नियम केला तर पुष्कळ वाद मिटतील. कागदावरची वेळ स्टेशन डायरीतील नोंदीशी ताडून पाहण्याची सवय आम्हा वकिलांनीही लावून घेतली पाहिजे.

फिर्यादीचीबाजू

मी वकील नाही. एका गंभीर गुन्ह्यात माझे जवळचे कुटुंब फिर्यादी आहे, म्हणून लिहीत आहे. आपल्या चर्चेत जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती कोठेच दिसत नाही. तपासी अंमलदाराने एक कागद दोन तास आधी दिला नाही म्हणून आरोपी सुटणार असेल, तर चूक पोलिसांची आणि शिक्षा आम्हाला, असे होत नाही का? आरोपीला आपण काय केले ते ठाऊक असतेच. पैसेवाल्याला चांगला वकील मिळतो आणि तोच अशा मुद्द्यांवर बाहेर येतो, हे लोकांना डोळ्यांनी दिसते.

अनुच्छेदवाचक

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर निकालांतच आहे. अटक बेकायदा ठरल्याने गुन्हा रद्द होत नाही. विहान कुमार निकालात स्पष्ट म्हटले आहे की या उल्लंघनाने तपास, दोषारोपपत्र किंवा खटला बाधित होत नाही. उलट बाजूने, दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून मूळ उल्लंघन धुऊनही निघत नाही. शिवाय नोव्हेंबरच्या निकालाने पोलिसांसाठी पुढचा मार्ग मोकळा ठेवला आहे. आधार लेखी दिल्यानंतर, कोठडी का हवी याची कारणे दाखवून ते पुन्हा अर्ज करू शकतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यावर शक्यतो आठवड्याभरात निर्णय द्यायचा आहे. म्हणजे पुरावा भक्कम असेल तर तपास थांबण्याचे कारण नाही.

‘आरोपीला ठाऊक असतेच’ हे मात्र मला मान्य करता येत नाही. ज्याने गुन्हा केला आहे त्याला ते ठाऊक असेल. ज्याने केलेला नाही त्याला आपले नाव कोठून आले हे कागदाशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पहिल्या दिवशी दोघेही पोलिसांच्या गाडीतून सारखेच उतरतात. पैसेवाल्याचा वकील एफआयआरची प्रत, रिमांड रिपोर्ट, सगळे तासाभरात मिळवतो. ज्याच्यासाठी कोणी धावाधाव करणारे नाही, त्याच्याजवळ असतो तो हा एकच कागद. नियम लेखी आणि सक्तीचा झाल्याने सर्वाधिक लाभ त्यालाच व्हायला हवा, आणि पोलिसांनी तो पाळला तर आपल्या कुटुंबाच्या खटल्यातही हा मुद्दा कधी उपस्थित होणार नाही.

सीमेपलीकडचा

भाषेच्या अटीविषयी विचारायचे आहे. महाराष्ट्रात बांधकामावर आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांत ओडिया, बंगाली, तेलुगू बोलणारे असंख्य आहेत. पोलीस ठाण्यात मराठी आणि हिंदी चालते. अशा माणसाला हवालदाराने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितले, तर अट पूर्ण झाली असे म्हणता येईल का? आणि ज्याला वाचताच येत नाही त्याला लेखी कागदाचा उपयोग काय?

तालुकान्यायालय

या प्रश्नावर जुने निकाल आहेत, आणि त्यांतला पहिला महाराष्ट्राच्याच प्रकरणातला आहे. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९६२ चा घटनापीठाचा निकाल. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे (खटल्याविना, खबरदारी म्हणून ठेवलेल्या कैदेचे) आधार त्या व्यक्तीला इंग्रजीत दिले होते आणि तिला इंग्रजी येत नव्हते. तिने हिंदीत प्रत मागितली. इंग्रजी ही राजभाषा आहे, तेवढे पुरे, असे प्रशासनाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले आणि सुटकेचा आदेश दिला. पुढे लल्लूभाई जोगीभाई पटेल प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याने आधार गुजरातीत समजावून सांगितले होते, पण गुजराती प्रत दिली नव्हती. कळणाऱ्या भाषेतील काहीच लेखी त्या माणसाच्या हाती उरले नाही, तर कळवण्याचा हेतू साधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले.

हे दोन्ही निकाल अनुच्छेद २२(५) खालचे, म्हणजे स्थानबद्धतेचे. आमच्याकडे एमपीडीएच्या (महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्याच्या) आदेशांविरुद्ध हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडला जातो, त्यामुळे जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांच्या कचेऱ्या कागदांचे भाषांतर जोडण्याबाबत आता बऱ्याच सावध झाल्या आहेत. नव्या निकालाने तीच काळजी साध्या अटकेत आणली आहे. तेव्हा मोडक्या हिंदीत तोंडी सांगणे पुरेसे नाही, हे उघड आहे. निरक्षर व्यक्तीला कागद वाचून दाखवावाच लागेल. परंतु तो कागद तिच्याजवळ राहिला पाहिजे, कारण तो वाचणार आहे तिचा वकील, किंवा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला रिमांडचा वकील.

घटनापीठ

चर्चा चांगली चालली आहे. मात्र या मांडणीतील सर्वात कठीण भाग अजून कोणी हाताळलेला नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांनी ‘कर्नाटक राज्य विरुद्ध दर्शन’ या प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. आधार लेखी दिले नाहीत एवढ्यावरून अटक आपोआप बेकायदा ठरत नाही, त्यामुळे आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले हे दिसले पाहिजे, असा त्या निकालाचा सूर आहे. विहान कुमार निकालाचा रोख नेमका उलट आहे : उल्लंघन सिद्ध झाले की सुटकेचा आदेश देणे हे न्यायालयाचे कर्तव्य, आणि विशेष कायद्यांत जामिनावर कडक बंधने असली तरी ती आड येत नाहीत. विहान कुमार, दर्शन आणि नोव्हेंबरचा निकाल देणारी ही तिन्ही खंडपीठे दोन न्यायमूर्तींची आहेत. समान आकाराच्या खंडपीठाला आधीचा निकाल पटला नाही तर प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवणे, ही आपली रीत आहे. तेव्हा तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न एकदा निकाली काढावा, असे मला वाटते. तोवर सरकारी वकील दर्शन निकाल हाती घेऊन उभे राहतील आणि बचाव पक्ष नोव्हेंबरचा.

अनुच्छेदवाचक

आपण म्हणता ती विसंगती खरी आहे, आणि मोठ्या पीठाकडे जाण्याची गरजही मला पटते. परंतु तेथे काय ठरावे, याबाबत माझे मत ठाम आहे. नुकसानीची कसोटी वरवर समंजस वाटते. तिचा भार कोणावर पडतो, ते पाहिले पाहिजे. कोठडीत असलेल्या माणसाने न्यायालयाला असे दाखवायचे की, मला आधार वेळेवर कळले असते तर मी अमुक युक्तिवाद केला असता आणि रिमांड कदाचित मिळाला नसता. न झालेल्या युक्तिवादाचा परिणाम सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले नाही, तर ‘उशिरामुळे तुमचे काय बिघडले?’ असे आपण विचारत नाही. त्याच अनुच्छेदाच्या पहिल्या खंडाला वेगळी, सैल कसोटी लावण्याचे कारण मला सापडत नाही.

दोन तासांविषयी एक चिंता मात्र मलाही आहे. अनुच्छेदात शब्द आहेत ‘शक्य तितक्या लवकर’. दोन तास ही शेवटची मर्यादा म्हणून दिली आहे. रात्री अकराला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला हजर केले, तर दुपारी एकपर्यंत कागद दिला की भागले, असा अर्थ ठाण्यांनी लावू नये. चौदा तास तो माणूस आधारांविना कोठडीत का होता, याचे उत्तर त्यांना द्यावेच लागेल. शिवाय कागद आरोपीच्या हाती, आरोपी गजाआड आणि वकील न्यायालयाच्या आवारात, अशा स्थितीत दोन तास गेले तर त्यांचा उपयोग कोणालाच होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार अटकेची माहिती नातेवाईक, मित्र किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला द्यावी लागते. विहान कुमार प्रकरणातील आपल्या पुरवणी मतात न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांनी आधारही या व्यक्तींना कळले पाहिजेत, असे म्हटले आहे. त्याच समजेबरोबर आधारांची प्रत जोडली, किंवा तिचा फोटो त्या व्यक्तीच्या मोबाइलवर पाठवला, तर वकील तयारीने उभा राहू शकेल. नव्या कायद्याची वाट न पाहता हे करता येण्यासारखे आहे.

सीमेपलीकडचा

एक शेवटचा प्रश्न. अटक नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल तर?

तालुकान्यायालय

लेखी प्रत आणि दोन तासांची मर्यादा ही कार्यपद्धती यापुढील अटकांना लागू राहील, असे निकालातच नमूद आहे, त्यामुळे भारतीय न्याय संहितेखालील जुन्या अटकेत केवळ ‘लेखी दिले नाही’ या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये. आर्थिक अफरातफर आणि बेकायदा कृत्ये या दोन कायद्यांखालील अटका २०२३-२४ च्या निकालांनुसार पाहाव्या लागतील. पण आधार कळवण्याचे कर्तव्य १९५० पासून आहे. जुन्या अटकेत प्रश्न असा विचारायचा : आधार कळवल्याची समकालीन नोंद कोठे आहे? स्टेशन डायरीत, अटक पंचनाम्यात किंवा पहिल्या रिमांड रिपोर्टमध्ये ती नसेल आणि केवळ मागाहून केलेल्या प्रतिज्ञापत्रात असेल, तर विहान कुमार निकालाच्या आधारे जामीन अर्जात हा मुद्दा अवश्य घ्यावा. पहिल्या रिमांडचा रोजनामा आणि रिमांड रिपोर्ट यांच्या प्रमाणित नकलांसाठी मात्र लगेच अर्ज करावा. पुढचे सगळे त्या दोन कागदांवर अवलंबून असते.